उद्या ये

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं हातात घेऊन मी शेजारच्या मावशीच्या दारात उभी होते आणि दार उघडत नव्हतं. आधी कडी वाजवली, मग हाक मारली. ऐंशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई दार उघडत नाही म्हटल्यावर मनात जे जे येतं ते सगळं येऊन गेलं. खिडक्या लावलेल्या. ओटीवर नेहमी तिरक्या पडलेल्या तिच्या चपला दिसत नव्हत्या. चारनंतर हमखास ऐकू येणारा टीव्हीही गप्प. आईला हाक मारावी, कुणाला तरी बोलावून दार काढायला लावावं, असा विचार करून मी वळले, एवढ्यात आतून, अगदी दाराला लागूनच, आवाज आला. हळू, पण खणखणीत. "अगं, बरी आहे मी. उद्या ये."

पानं तशीच परत आणली. आई श्रीखंडाचं पातेलं झाकत होती. "दिलंस सोनं?" मी घडलं ते सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला. "अगं, आज दारफाळणी ना तिची! काल सांजेपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही तिने. गेल्या वर्षीही दसऱ्यालाच आली होती. जन्माचा शेजार, आणि विसरतेस?" विसरले होते खरी. अलिबाग सोडून मला तीस वर्षं झाली. ठाण्याच्या आमच्या मजल्यावर समोरचं दार एरवीही बंदच असतं, त्यामुळे बंद दाराला काही अर्थ असू शकतो, हे लक्षातच येईनासं झालंय. पण मला टोचत राहिलं ते हे विसरणं नव्हे. तिचा आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि त्या सुटकेच्या भरात मी बंद दाराला म्हणून आले होते, "असू दे गं मावशी! आमचाही सण, तुमचाही सण, सगळं सारखंच!" त्यावर आतून काहीच उत्तर आलं नव्हतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते न आलेलं उत्तर डोक्यातून जाईना.

आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात 2 ऑक्टोबर 2025 चा चौकोन गच्च भरलेला होता. दसरा. गांधी जयंती. नागपूरला दीक्षाभूमीवर निळ्या झेंड्यांची गर्दी. आणि आमच्या भिंतीवर कुठेच न छापलेला योम किप्पूर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा उपास (मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू), ज्याला तिची आजी 'दारफाळणीचा सण' म्हणायची. दार लावून घेण्याचा सण. आमच्या घराला सकाळीच झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण लागलं होतं. लहानपणी या दिवशी पाटीवर सरस्वती काढायची, पुस्तकं पूजेला मांडायची (आणि म्हणून अभ्यास करायचा नाही, हा आमचा शास्त्रार्थ), आणि संध्याकाळी गावाची शीव ओलांडून सोनं लुटून यायचं. अख्खा दिवस बाहेर पडण्याचा. ज्याच्याशी वर्षभर बोललो नाही त्याच्याही दारात जायचं, आणि त्याने दार उघडायचं, हे ठरलेलंच. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात मात्र त्याच दिवशी पांढरे कपडे घालायचे, खायचं नाही, प्यायचं नाही, वर्षाचा हिशेब देवापुढे मांडायचा आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. जुन्या काळी तर त्या दिवशी बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही, स्पर्श नाही, असा दंडक होता. एकाच दशमीला एक घर शीव ओलांडतं, दुसरं उंबरा ओलांडत नाही.

दशमी एकच, हे मी सहज म्हणून गेले, पण त्यामागचं गणित मला फार आवडतं. ज्यूंचा तिश्री महिना आणि आपला आश्विन, दोन्ही अमावास्येनंतरच्या चंद्राने सुरू होतात. त्यांच्या तिश्रीची दहावी म्हणजे योम किप्पूर, आपल्या आश्विनाची दहावी म्हणजे विजयादशमी. दोघांनाही चांद्र महिने ऋतूंशी जुळवून ठेवायचे आहेत, म्हणून दोघांकडे अधूनमधून तेरावा महिना घालायची सोय आहे. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांत सात वेळा, ठरलेल्या क्रमाने, अदार महिना दोनदा येतो. (मुसलमानांनी हा खटाटोप मुळातच नाकारला, म्हणून त्यांचा मोहरम पावसाळ्यातून उन्हाळ्यात, उन्हाळ्यातून हिवाळ्यात फिरत राहतो. चंद्राशी सर्वांत प्रामाणिक तेच म्हणायचे.) म्हणजे युक्ती एकच, पण ती वापरायची वेळ निराळी. 2023 मध्ये आपण अधिक श्रावण घातला, त्यांनी त्या वर्षी काही घातलं नाही, तर त्यांचा योम किप्पूर सप्टेंबरात आणि आपला दसरा थेट ऑक्टोबरच्या शेवटी गेला. मग 2024 च्या वसंतात त्यांनी आपला अदार दोनदा मोजला आणि दोन्ही सण पुन्हा एका तारखेवर आले, 12 ऑक्टोबर. 2025 लाही एकत्रच. जवळून चाललेल्या दोन बैलगाड्या कधी चाकाला चाक लावून जातात, कधी एक मागे पडते, तसं हे कोकणात किती शतकं चाललं असेल.

आमच्या घरापासून इस्राएल आळी चार पावलांवर. तिथलं मागेन अबोथ सिनॅगॉग 1848 सालचं. आम्ही लहानपणी त्याला मशीदच म्हणायचो, कारण आळीतले म्हातारे तसंच म्हणायचे आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. आडनावं सगळी गावांची, शेवटी 'कर' लावून. बायका नऊवारीत, मंगळसूत्र गळ्यात. चौकटीच्या उजव्या बाजूला एक छोटी, तिरकी पेटी ठोकलेली असे. तिच्यात चर्मपत्रावरचा मजकूर गुंडाळून ठेवलेला असतो, हे फार नंतर कळलं. घरात शिरताना मावशी तिला बोटं लावून ओठांना लावायची. मी तिच्यामागून शिरताना तेच करायचे आणि तिने कधी हटकलं नाही. प्रार्थनेला ती समुद्राकडे तोंड करून बसायची. जेरुसलेम पश्चिमेला. आमच्या अलिबागेत पश्चिम म्हणजे कुलाबा किल्ला, त्यापुढे नुसतं पाणी. मला वाटायचं, ती किल्ल्यालाच नमस्कार करते. पुढे एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद वाचला. त्यातला हिंदू तुर्काला डिवचतो, की देव काय फक्त पश्चिमेलाच आहे, बाकीच्या दिशा ओस पडल्या का? तेव्हा मला आधी ती ओसरी आठवली. नाथांची गंमत अशी, की ते दोघांना आधी पोटभर भांडू देतात. तुर्कही देवाच्या दगडांवरून, आंघोळीच्या अवडंबरावरून हिंदूची मनसोक्त टर उडवतो. एकमेकांचं सगळं काढून झाल्यावर मग गळाभेट. आपण हल्ली भांडण गाळून एकदम गळाभेटीवर येतो.

बेने इस्राएलांच्या मूळकथेत एक गलबत आहे. अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याशी ते फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली ती तिथेच पुरली. हे ऐकून कुणाही कोकणस्थाचे कान टवकारतात, कारण परशुरामाच्या लोककथेतही समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतंच आहेत. शाळेत असताना मी हा शोध फार उत्साहाने मावशीला सांगितला होता. ती वालपापडी मोडत होती. म्हणाली, "हो, पण तुमच्यातले जिवंत झाले ना? आमचे मेले ते मेलेच." तेव्हा मला ते नुसतं चिडवणं वाटलं. आता वाटतं, दोन कथांतला सगळा फरक तिने तिथे मोडून ठेवला होता. एका कथेत देवाचा अवतार येऊन प्रेतांना चितेतून पावन करतो आणि तिथून एक कूळ, एक मान सुरू होतो. दुसरीत कुणी येत नाही. वाचलेले चौदा जण मेलेल्यांना पुरतात, तेलाचा घाणा घालतात, आणि आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, तो बंद ठेवतात. गाव त्यांना नाव देतं: शनवार तेली. चमत्कार नाही, पोथी नाही. पोथ्या बुडाल्या होत्या.

पोथ्या बुडाल्यावर काय उरतं, याचं उत्तर मला वाटतं त्यांच्या सणांच्या जुन्या नावांत आहे. वल्हांडणाला, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, घरातून खमीर काढून टाकायचं असतं, ही मोशेच्या काळची आज्ञा. कोकणात ती आज्ञा विसरली गेली, पण त्या आठ दिवसांत आंबटाचं मडकं झाकून ठेवायचं, हे हातांना आठवत राहिलं, म्हणून 'अनशी ढाकाचा सण'. पुरीम फाल्गुनातल्या पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. वर्षारंभाचा 'नव्याचा सण'. योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाचा 'शिळा सण', दार उघडून एकमेकांकडे जायचा, दानधर्म करायचा. आणि मला सर्वांत भिडणारा, 'बिरड्याचा सण'. अव महिन्याच्या नवव्या दिवशी जेरुसलेमचं मंदिर पडलं, एकदा नव्हे दोनदा, त्याच्या सुतकाचा हा काळ. त्या दिवसांत मांसमासळी बंद आणि वालाचं बिरडं. कोमट पाण्यात मोड आलेले कडवे वाल सोलायला बसलं की बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडतात आणि सालांचा एक उग्र, ओलसर वास दिवसभर हाताला राहतो. तो वास माझ्या आठवणीत श्रावणाचा आहे. श्रावणी सोमवार, उपास सोडायला बिरडं, त्यावर खवलेलं खोबरं, केळीच्या पानावर वरणभाताच्या शेजारी. आई आणि मावशी मधल्या पडवीत समोरासमोर बसून एकाच परातीत वाल सोलायच्या. मी कितीतरी वर्षं समजून होते की त्या एकच सण करताहेत. एकीच्या मनात उपास सुटल्यावरचा खमंग घास होता. दुसरीच्या मनात जळालेलं मंदिर असेल, किंवा तेही नसेल, नुसतं आजीने सांगितलं होतं म्हणून. परात तर एकच होती.

नारळाच्या दुधाचंही तसंच. करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, म्हणून मटणाच्या जेवणानंतर दूधदुभतं चालत नाही. सिनाई पर्वतावर आलेल्या या आज्ञेवर कोकणाने फार सोपा तोडगा काढला: नारळाचं दूध हे दूधच नव्हे. मग खीर नारळाची, रस्सा नारळाचा, आणि वर्षारंभाला गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटलेला लालसर हलवा. यंदा घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी तो आईकडे आला होता. आईने फोनवर सांगून मला जळवलं होतं. आम्हीही सगळ्यात नारळच घालतो, पण आमच्यात तो चवीला असतो. त्यांच्या वाटीतला नारळ एक कायदा पाळत असतो. डोळे मिटून खाल्लं तर ओळखू येणार नाही.

सारखेपणाची ही यादी मी आनंदाने लांबवू शकते, पण प्रामाणिकपणे लांबवायची तर तिच्यात दुसऱ्याही गोष्टी येतात. त्यांच्यात 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती म्हणून काळ्यांशी बेटीव्यवहार नाही, मशिदीत मागे बसायचं. विधवेने पुन्हा लग्न करायचं नाही, हाही नियम त्यांनी शेजाऱ्यांकडूनच उचलला होता, त्यांच्या शास्त्रात तो कुठेच नाही. शेजार म्हणजे नुसती बिरड्याची वाटी नव्हे. आपण त्यांना काय काय दिलं, याची मोजदाद करताना आपण हलव्यापाशी थांबतो.

आता मूळ प्रश्न. सगळं सारखंच, हे कोण म्हणतं?

मी म्हटलं होतं. मी, जिच्या सणाला सरकारी सुट्टी असते, जिचा सण कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेला असतो. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू होते साडेचार हजारांच्या आसपास. एवढी माणसं आमच्या ठाण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलात राहतात. स्वातंत्र्याच्या सुमारास या आळीतून, पेणहून, रोह्याहून, मुंबईहून माणसं जी निघाली ती इस्रायल या नव्या देशात गेली. आणि तिथे त्यांना उलटं ऐकायला मिळालं. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासावी, म्हणजे ते पुरते ज्यू आहेत का ते पाहावं. माणसं रस्त्यावर आली, धरणी धरली, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं तेव्हा प्रकरण निवळलं. मावशीचा थोरला दीर त्या धरण्यांत होता. तो सुट्टीत आला की सांगायचा, "इथे म्हणायचे, तुम्ही आमच्यासारखेच. तिथे म्हणाले, तुम्ही आमच्यासारखे नाही. मला कुणी विचारलंच नाही, मी कुणासारखा ते." आणि मग हसायचा आणि पुडीतली तंबाखू मळायचा. तीही इथूनच नेलेली.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले, आणि तारखेमुळेच असेल, गांधींच्या 'हरिजन'मधल्या लेखाशी गेले. नोव्हेंबर 1938. जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडून, सिनॅगॉग जाळून पंधरवडाही उलटलेला नव्हता. गांधी लिहितात की आपली सहानुभूती पूर्णपणे ज्यूंकडे आहे, दक्षिण आफ्रिकेत त्यांच्यातले काही आयुष्यभराचे सोबती झाले. ते खरंच होतं. टॉल्स्टॉय फार्मची जमीन देणारा कालेनबाख ज्यूच. आणि मग ते एक तुलना करतात जी वाचून मी उठून बसले. ज्यू हे ख्रिस्ती धर्माचे अस्पृश्य आहेत, हिंदूंनी अस्पृश्यांना जसं वागवलं तसंच ख्रिस्त्यांनी ज्यूंना. युरोपात बसून कुणाला ही ओळ सुचली नसती. तिथपर्यंत तुलना दिव्यासारखी आहे. पण गांधी तिथे थांबत नाहीत. आजार सारखा तर औषधही सारखं: जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांनी केला तसा.

मार्टिन बूबर नावाचा तत्त्वज्ञ, स्वतः जर्मनीतून निघून नुकताच जेरुसलेमला पोचलेला, गांधींना फार मानणारा. त्याने फेब्रुवारी 1939 मध्ये दीर्घ पत्र लिहिलं. त्याचा सूर रागाचा कमी आणि दुखावल्याचा जास्त आहे. छळछावणी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे का, असं तो विचारतो. आफ्रिकेतल्या तुमच्या माणसांच्या पाठीशी अख्खा हिंदुस्थान होता. आमच्या मागे कोण? आणि बघणारंच कुणी नसेल तिथे हौतात्म्याची साक्ष कोण देणार? आपल्या दुःखाची तुलना ज्याच्याशी केली जाते त्याला ती कशी लागते, हे मी इतकं स्पष्ट दुसरीकडे वाचलेलं नाही. त्या पत्राला गांधींचं उत्तर सापडत नाही. मी गांधींना मोडीत काढत नाहीये; परक्याचं दुःख आपल्या घरातल्या पापाशी नेऊन भिडवणं सोपं नसतं, आणि ते त्यांनी केलं. पण बूबरचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की हा सूर आपण आधी ऐकलाय, मराठीतून.

तीनच वर्षांपूर्वी, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. दोन दिवसांत गांधींची प्रतिक्रिया आली: धर्म म्हणजे काही घर किंवा अंगरखा नव्हे, हवा तेव्हा बदलायला. गांधींच्या लेखी सगळे धर्म एकाच झाडाच्या फांद्या, सगळे खरे आणि सगळे अपुरे. मग एका फांदीवरून दुसरीवर जायचं कशाला? ऐकायला किती उदार. पण ज्याला त्या घराच्या ओसरीवरही कधी चढू दिलं नाही, त्याला 'सगळी घरं सारखीच' हे वाक्य कसं ऐकू येईल? बाबासाहेबांनी मग जे केलं ते तौलनिक अभ्यासाचं माझ्या माहितीतलं सर्वांत करडं उदाहरण आहे. एकवीस वर्षं त्यांनी धर्म शेजारी शेजारी ठेवून तपासले. 1950 च्या एका लेखात ते येशू ख्रिस्त, महंमद पैगंबर, कृष्ण आणि बुद्ध यांना ओळीने उभं करतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात: तुम्ही स्वतःला कोण म्हणवता? देवाचा पुत्र, देवाचा प्रेषित, खुद्द देव; आणि चौथा म्हणतो, मी वाट दाखवणारा. या फरकावर त्यांचा सगळा भर आहे. साम्य त्यांना दिसत नव्हतं असं नाही, पण साम्यावर उभं राहून काही निवडता येत नाही. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 रोजी ते लाखोंसह जे ओलांडून गेले तो दिवसही विजयादशमीचाच होता. सीमोल्लंघन म्हणतात ते हेच, असं कुणी म्हणालं तर बाबासाहेबांनी ते मान्य केलं असतं का? त्यांनी तो दिवस अशोकाचा म्हणून निवडला होता. मीही पाहा, पुन्हा माझ्याच सणात त्यांना ओढत होते.

यात मला नेहमी आठवतं ते जोतिरावांचं घर. फुलेवाड्याबद्दल नाही म्हणत. 1891 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एक घर कल्पिलं आहे, त्याबद्दल. बाईने बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान आणि मुलाने सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका छपराखाली, एकमेकांचा द्वेष न करता राहावं. जोतिराव हे सगळे धर्म सारखे आहेत म्हणून लिहीत नाहीत. ज्याने त्याने वाचावं आणि निरनिराळं ठरावं, आणि तरी रात्री एकाच घरी झोपायला यावं, असं ते लिहितात. त्या काळात नवऱ्याहून वेगळा धर्म बाईने स्वतः वाचून निवडावा, हे लिहायला काय छाती लागली असेल! फक्त माझ्यातली गृहिणी तिथे अडते. त्या घरात स्वयंपाक कोण करतं? रोजाच्या पहाटे कोण उठतं, भांडी कुणाची वेगळी लावतात, आणि एकाच्या सुतकात दुसऱ्याचा सण आला तर दार उघडं ठेवायचं की बंद? जोतिराव भेटले तर मी हे नक्की विचारणार आहे. सावित्रीबाई आतून उत्तर देतील असा माझा कयास.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मावशी स्वतःच आली. शिळा सण. धुतलेली सुती साडी, केस ओले, आणि हातात झाकलेलं ताट. त्यात पुऱ्या, म्हणजे आपल्या करंजीच्याच बहिणी, आत रवा-खोबरं, वेलचीचा वास ताटावरच्या रुमालातून येत होता. आईने तिला खुर्ची दिली. मी चहा टाकला. दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, मग इस्रायलातल्या, अश्दोदच्या नातवाबद्दल. त्याला मराठी कळतं पण तो बोलत नाही, आणि हल्ली तिकडून फोन वाजला की तिच्या छातीत आधी धस्स होतं. मी चहा देताना चाचरत म्हटलं, "मावशी, काल मी दारात काहीतरीच बोलून गेले."

"काय बोललीस?"

"सगळं सारखंच, म्हणून."

ती हसली. पुढचे दोन दात गेल्यापासून तिचं हसू लहान मुलासारखं दिसतं. "सारखं कसं गं? तू काल श्रीखंड खाल्लंस, मी थुंकीसुद्धा गिळताना विचार करत होते." मग चहा बशीत ओतता ओतता म्हणाली, "तू ठोकत होतीस तेव्हा वाटलं, उघडावं. पोर घाबरलीय. मग म्हटलं, एवढे दिवस नाही उघडलं. आईने नाही उघडलं, तिच्या आईने नाही. कशाला लावतात ते दार, तेही तिला माहीत नव्हतं. मला निदान माहीत आहे." चहा फुंकत ती थोडा वेळ गप्प बसली. "आणि मी मेले असते ना, तर कुणी ना कुणी फोडलंच असतं की."

आईने तिला "काहीतरी बोलू नकोस" म्हणून दटावलं. मी कालची आपट्याची पानं आणली. रात्रभरात ती मिटून, कडेने तपकिरी झाली होती. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, असं म्हणायला मला कससंच झालं, म्हणून नुसतीच दिली. तिने ती घेतली, कमरेच्या पिशवीत, औषधांच्या पाकिटाशेजारी ठेवली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून हिब्रूत काहीतरी पुटपुटली. अर्थ मी कधीच विचारलेला नाही.

दुपारी मी मोबाइलवर दोन्ही पंचांगं काढून बसले. पुढच्या वर्षी आपला अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यांचा जादा अदार थेट 2027 मध्ये. म्हणजे 2026 चा योम किप्पूर 21 सप्टेंबरला आणि दसरा 20 ऑक्टोबरला, मध्ये चांगला महिन्याचा फरक. निघायच्या आधी कुंपणावरून तिला ओरडून सांगितलं, "मावशी, पुढच्या दसऱ्याला तुझं दार उघडं असणार आहे. मी हिशेब केलाय."

ती तुळशीशेजारी सबजाच्या कुंडीत पाणी घालत होती. तुळस आमची, कुंडी तिची, नळ दोघींचा. "ये," म्हणाली. "पण चारच्या आधी नको येऊस. मी झोपलेली असते."